भिवा साचेवाल्याचे कान

भिवा काळाचौकीच्या चाळीत राहायचा, गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचा आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ढोलकी वाजवायचा. ढोलकीवर त्याचा इतका जीव, की त्याची बायको सुंदराबाई तिला सवतच म्हणायची. अशात एक दिवस खोकल्यातून रक्त पडलं.

परळच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला. "याच्यावर दोन औषधं आहेत, सख्ख्या बहिणीच समजा. स्ट्रेप्टोमायसिननं डोकं गरगरतं, तोल जातो. डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिननं तोल सहसा जात नाही, पण कान जाऊ शकतात. तुम्ही चालत्या साच्यांमध्ये उभे राहता, चक्कर आली तर हातच जायचा. म्हणून दुसरं देतो. पण जरा कमी ऐकू आलं, तर लगेच येऊन सांगा."

डॉक्टरांना बोल लावू नका, त्यांचं चुकलं नव्हतं. घात केला तो साचेखात्यानं. तिथल्या खडखडाटात कानांवर कुणाची भिस्तच नसते. ओठ बघून बोलणं कळतं, उरलेलं हातवाऱ्यांनी. भिवाचं उभं आयुष्य त्यात गेलेलं. कान मंदावले ते त्याला कळलंच नाही, आणि कानात शिट्टी वाजायची ती तो गिरणीच्या माथी मारायचा. खोकला तर कमी होत होता, मग तक्रार कशाची करायची?

लालबागच्या सभेत शाहीर दत्ताराम त्याच्याकडे पाठ करून गात होता. गाणं संपलं, ढोलकी वाजतच राहिली. लोक हसले. सगळे हसतायत म्हणून भिवाही हसला. सुंदराबाई उठली. मागून जाऊन ती म्हणाली, "अवो, बास करा." त्यानं मानही वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषध बदलून स्ट्रेप्टोमायसिन सुरू केलं. उरलेले कान वाचले, गेलेले गेलेच. भिवा आता भिंत धरून चालू लागला. साचे सुटले, घडीखात्यात कापडाच्या घड्या घालायचं बैठं काम मिळालं. क्षय बरा झाला. ढोलकी त्यानं दत्तारामला देऊन टाकली आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

सुंदराबाई समोर येऊन बोलायला शिकली. राग आला की मात्र मुद्दाम पाठ फिरवून बडबडायची. एकदा भिवा भिंत धरत धरत तिच्या पुढ्यात आला.

"भांड," तो म्हणाला, "पण तोंड इकडं करून भांड. माझ्याकडं ऐकायला आता तूच तेवढी हायेस."