फहदचा राजीनामा आणि माझी घसरगुंडी

आता काय सांगू तुम्हाला, पायाला फळ्या बांधून बर्फावरून खाली येताना माणसाचं फार तर हाड मोडतं. मी एकोणीस वर्षांची नोकरी मोडायला निघालो होतो. आणि तीही स्वतःच्या हुशारीने. तुम्ही चहा घ्या, मी सांगतो.

जेद्दाहला अल अझीझियात आमच्या कंपनीचं गोदाम आहे, एसीच्या सुट्या भागांचं. मी तिथला स्टोअरकीपर. त्या वर्षांत जिकडेतिकडे एकच विषय होता, सौदी माणसं कामाला घ्या, परदेशी कमी करा. आज शेजारच्या दुकानातला केरळी गेला, उद्या समोरच्या ऑफिसातला पाकिस्तानी. अशात एका सकाळी मॅनेजर जोसेफसाहेब फहदला घेऊन आले. पार उत्तरेच्या तबूककडचा, चोवीस वर्षांचा, कडक इस्त्रीचा पांढरा, पायघोळ तोब घातलेला मुलगा. साहेब म्हणाले, "इब्राहीम, याला काम शिकव."

आता तुम्हीच सांगा, आपल्या जागेवर बसणाऱ्याला कुणी स्वतः पाट मांडून देतं का?

मी आठ महिने त्याला काही म्हणजे काही शिकवलं नाही. अगदीच खोटं नको, स्टेपलर कसा भरायचा ते शिकवलं. कारण गोदामाची खरी यादी कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच, ती माझ्या डोक्यात होती. दापोलीहून केळशीला जाताना जी गावं लागतात, त्या क्रमाने मी कप्पे लावले होते. दारापाशी दापोली, तिथे फ्यूज. मग आसूद, पंख्याच्या मोटारी. हर्णैला कॉम्प्रेसर, आंजर्ल्याला तांब्याच्या नळ्या. आणि एकदम मागे केळशी, तिथे कुणीच न मागणारा माल. बायकोचं माहेर केळशीचं, म्हणून हे मी घरी कधी बोललो नव्हतो.

फहद बिचारा विचारायचा, "अम्मो, कॉम्प्रेसर कुठे असतात?" अम्मो म्हणजे काका. मी म्हणायचो, "तू बस, मी आणतो." मनात एकच, कंटाळ बाबा आणि जा.

जानेवारीत बातमी आली की तबूकच्या डोंगरावर बर्फ पडलाय. लगेच फहद माझ्यापुढे उभा. "अम्मो, डोंगराच्या पायथ्याशी आमचं विश्रांतिघर आहे. या शुक्रवारी घरच्यांना घेऊन या. माझ्याकडे स्कीच्या दोन जोड्या आहेत."

मी घरी येऊन शमीमला म्हणालो, "यात काहीतरी डाव आहे. खाऊपिऊ घालून माझ्याकडून सगळं काढून घेणार तो."

"अहो, तुमच्याकडे काढून घेण्यासारखं आहे काय?" शमीम म्हणाली. "पोरगा जेवायला बोलावतोय, सरळ हो म्हणा."

आमचा सुहेल दहावीत. तो हिंदीत म्हणाला, "अब्बा, स्नो फ्री में मिल रहा है, चलो ना." मतदान संपलं.

विमानाने तबूक, तिथून फहदच्या गाडीतून डोंगर. बर्फ म्हणजे काय होतं ऐका. चार बोटं जाडीचा थर, मधूनमधून डोकं वर काढणारे दगड, आणि त्यावर निम्मं तबूक चटया अंथरून कॉफी पीत बसलेलं. मी दोन स्वेटर, त्यावर सुहेलचं शाळेचं जॅकेट आणि डोक्याला शमीमची शाल अशा थाटात होतो. फहदने माझ्या पायांना स्की बांधल्या आणि थांबायचं कसं ते दाखवलं. मी दोनदा थांबलो. सुहेल म्हणाला, "अब्बा, दॅट इज नॉट स्टॉपिंग, दॅट इज फॉलिंग."

मग फहद हळूच म्हणाला, "अम्मो, तुम्हाला आधी सांगतो. मी नोकरी सोडतोय. राजीनामा मोबाइलवर लिहून ठेवलाय. मोबाइल खाली गाडीत आहे. आता खाली गेलो की पाठवतो."

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी त्या फळ्यांसकट उभ्या उभ्या नाचलो. फहद आपली स्की बांधायला पलीकडे गेला. मला राहवेना. तिथूनच साहेबांना फोन लावला. म्हटलं, शुभवार्ता आपल्याच तोंडून जावी.

"साहेब, फहद चालला. खलास."

मग साहेब हिंदीत म्हणाले, "इब्राहीम, तो गेला तर तूही खलास."

"मी कसा?"

"अरे, आपल्याकडे सौदी माणूस तो एकच. तो गेला की सरकारी यादीत कंपनी लाल रंगात जाते. लाल कंपनीला कुणाचाच इकामा वाढवता येत नाही. तुझा इकामा कधी संपतो?"

पुढच्या महिन्यात संपत होता. आणि सुहेलची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. इकामा नाही म्हणजे इथे राहण्याचा परवाना नाही. पोराला ऐन परीक्षेत उचलून गावी न्यायचं. कळलं ना मी काय केलं ते? आठ महिने मेहनत घेऊन मी बसल्या फांदीवरच घाव घालत होतो. कुऱ्हाडीला धारसुद्धा मीच लावली होती.

मान वर करून बघतो तर फहद निघालेला. सरसर खाली, थेट गाडीच्या दिशेने.

"फहद, थांब," मी ओरडलो. तो कसला थांबतोय. मग मी या अल्लाह म्हटलं आणि स्वतःला सोडून दिलं. थांबायचं कसं ते आठवेना. पण त्याला अडवायला माझ्याजवळ होतं काय? आठ महिने दाबून ठेवलेली विद्या. तीच मी ओरडत सुटलो. "फहद, कॉम्प्रेसर हर्णै. मोटार आसूद. फ्यूज दापोली. नळ्या आंजर्ले. बेकार माल केळशी."

मागून शमीमचा आवाज आला, "काय म्हणालात? केळशी काय?" पण तेव्हा माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

एका कुटुंबाची चटई, त्यांचा कॉफीचा थर्मास आणि खजुरांची थाळी, एवढं सगळं बरोबर घेऊन मी फहदच्या गाडीच्या चाकाशी येऊन पडलो. त्याच्या हातात मोबाइल होता.

"पाठवलास?" मी आडव्यानेच विचारलं.

"नाही. अम्मो, लागलं का?"

"ते राहू दे. मी तुला सगळं शिकवतो. एकेक कप्पा दाखवतो. तू जाऊ नकोस."

तो हसायला लागला. म्हणाला, "कप्पे मला दुसऱ्याच महिन्यात कळले होते. माल काढताना तुम्ही गावांची नावं पुटपुटता."

"मग सोडतोस कशाला?"

तो माझ्या पायातली स्की सोडवत होता. खाली मान घालूनच म्हणाला, "तुम्ही सगळे मागच्या खोलीत एकत्र जेवता. मी आठ महिने गाडीत बसून एकटा जेवतोय. मला कुणी एकदाही या म्हणालं नाही. म्हटलं, जाण्याआधी निदान एकदा तुमच्याबरोबर जेवावं."

मला खरंच लाज वाटली. आपण कोकणातली माणसं. दारावरून जाणाऱ्यालाही जेवून जा म्हणतो. आणि हा पोरगा आठ महिने माझ्या डोळ्यांसमोरून उपरा फिरत होता. मी त्याचा हात धरला आणि माफी मागितली. मोबाइलवरचा राजीनामा त्याने माझ्यासमोर पुसला. माझा जीव भांड्यात पडला. दुपारी सगळे एका थाळीत जेवलो. शमीम माझ्याशी बोलत नव्हती, पण फहदला आग्रह करून वाढत होती.

रविवारी लंगडत ऑफिसात गेलो. जोसेफसाहेबांनी बोलावून इकाम्याचे कागद पुढे ठेवले. "सही कर. सुहेलला म्हणावं, अभ्यास कर." मी खुर्चीत बसून इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"आणि ऐक," साहेब म्हणाले, "सौदी पोरं कुणाकडे टिकत नाहीत, फहद तुझ्याकडे टिकला. म्हणून आणखी तिघांना घेतलंय. तिघेही तुझ्या हाताखाली. एकही जाता कामा नये."

तिघे आले. गुणी मुलं. एक तायफचा, एक अल बाहाचा, एक अबहाचा. तिन्ही गावं उंच डोंगरावर. फहदने त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, पहिल्याच दिवशी तिघांनी विचारलं, "अम्मो, आमच्या डोंगरावर कधी येताय?"

मी गुडघ्याला मलम चोळत म्हणालो, "तुम्ही म्हणाल तेव्हा."