लष्करातली मुंगशीण आणि भावोजींची बदली

ग्वाल्हेरला मी पहिल्यांदा गेले ती राज्यपुनर्रचनेच्या वर्षी, कॉलेजच्या दिवाळीच्या सुट्टीत. मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश होत होता, कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या. अक्काचं पत्र आलं: ‘ह्यांचीही बदली झाली. सामान बांधायला ये.’ माझा एकटीचा तो पहिलाच प्रवास. ब्लॉगवर लिहितेय मात्र ऐंशी उलटल्यावर.

पुण्याहून तेव्हा वाटेत गाडी बदलावी लागे. आता थेट जाता येतं. स्टेशनाबाहेर पडाव नावाचा भाग, तिथून टांग्यानं लष्कर, म्हणजे शिंद्यांच्या छावणीभोवती वसलेली वस्ती; अक्का तिथं राहायची. तुम्ही गेलात तर सकाळी तिथल्या महाराज बाडा चौकाजवळ गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी खा. पोट भरतं, दुपारी जेवण लागत नाही.

अक्काच्या बिऱ्हाडामागे अंगण होतं आणि तिथल्या जळाऊ लाकडांच्या ढिगात मुंगशीण व्याली होती. भावोजींचा जन्म लष्करातला, पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. बदलीबद्दल ते चकार शब्द काढत नसत. मुंगशिणीबद्दल मात्र भरभरून बोलत.

“खिडकीपाशी येऊन जा. आवाज नको करू,” ते त्यांच्या ग्वाल्हेरी मराठीत मला म्हणाले.

त्यांनी ठेवलेलं अंडं तिनं दगडापाशी नेलं, दगडाकडे पाठ केली आणि मागच्या पायांमधून ते दगडावर भिरकावलं. फुटल्यावर सावकाश चाटलं. मांजर आलं तेव्हा अंगावरचा केसन् केस फुलवून ती दुप्पट झाली.

तिसऱ्या दिवशी वखारवाला उरलेली लाकडं परत न्यायला ठेला घेऊन आला.

“बाबूजी, लकड़ी उठा लूँ?”

“अभी नहीं. अंदर बच्चे हैं.”

“किसके?”

“नेवले के.”

तो ठेला वळवून गेला. अक्का वैतागली. “परवा ट्रक येणार, आणि तुम्ही मुंगशिणीचं बाळंतपण सांभाळा!”

“तिला कधी निघायचं ते तिचं तिला ठरवू दे,” भावोजी म्हणाले.

ट्रकच्या दिवशी सकाळी ती पिल्लाची मान तोंडात धरून निघाली आणि मागच्या भिंतीखालच्या बिळात शिरली. मग दुसरं नेलं. तिसरं अंगणाच्या मधोमध सुटलं. वर घार फिरत होती. भावोजी अनवाणी धावले आणि पिल्लाला हात न लावता त्याच्यावर छत्री धरून उभे राहिले. मुंगशीण दोन पायांवर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. मग झटकन येऊन तिनं पिल्लू उचललं.

भावोजी ओट्यावर बसले आणि रडायला लागले. अक्का हातातला डबा ठेवून शेजारी बसली. “भोपाळलाही अंगणवालं घर बघू,” म्हणाली.

पुण्यात आईनं विचारलं, “किल्ला पाहिलास?” नव्हता पाहिला. मी तिला मुंगशिणीचं सगळं सांगितलं. भावोजी रडले, ते आज पहिल्यांदाच सांगतेय.