नांदगावच्या माळावरचं पाडस

सकाळी आठच्या एसटीने नाशिक सोडलं, तेव्हा मांडीवर कॅमेऱ्याची बॅग होती आणि मनात एकच हट्ट होता. आज काळवीट मिळालं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होतो. डाव्या हाताची दोन बोटं गेली, पाठोपाठ कामही सुटलं. घरात बसून भिंतीकडे बघत राहायचो. मुलीने तिचा जुना कॅमेरा हातात दिला आणि म्हणाली, "पप्पा, भिंत सोडून दुसरं काहीतरी बघा ना." आधी कॉलनीतल्या झाडांवरची पाखरं झाली, मग धरणाकाठची सकाळ. मशीनची भीती बसलेला तो हात लेन्स धरताना मात्र कधी थरथरला नाही.

नांदगावला उतरून गरम भजी आणि चहा घेतला. रिक्षावाल्याने भलत्याच फाट्यावर सोडलं, त्यामुळे तासभर चालावं लागलं. पण त्या चालण्यात माळ नीट भेटला. वाळून पिवळं पडलेलं गवत, मधूनच हरभऱ्याचे हिरवे तुकडे आणि लांबवर निळसर डोंगर. एका बोरीआड बसून राहिलो. चारच्या सुमारास कळप दिसला, पण फार लांब. थोडं ऊन उतरू दे, मग पुढे सरकू, असं ठरवतोय तोच मागून हाक आली.

"ओ भाऊ! त्या नळीतून लांबचं दिसतं का?"

डोक्यावर पदर घेतलेल्या, पन्नाशीच्या बाई होत्या. लीलाबाई. धापा टाकत होत्या.

"दिसतं की. काय झालं?"

"आमच्या इहिरीत पाडस पडलंय. मालक म्हणत्यात मेलं. मला नाय तसं वाटत."

विहिरीला कठडा नव्हता. काठावर त्यांचे यजमान दगूतात्या उभे होते. खाली अंधार, तळाशी पाणी, आणि पाण्याच्या जरा वर कपारीत तपकिरी काहीतरी. नुसत्या डोळ्यांना ते दगडासारखंच दिसत होतं. मी पालथा पडून लेन्स रोखली. बराच वेळ काही हललं नाही. मग एक कान फडफडला.

"जिवंत आहे तात्या!"

तात्यांनी वनरक्षकाला फोन लावला. तो दुसऱ्या गावी होता, यायला दीड तास लागणार होता. तोवर पाडस कपारीवरून घसरलं असतं.

तात्यांनी सोल (विहिरीवरचा जाड दोर) कमरेला बांधला. दुसरं टोक लिंबाला वेढा देऊन आम्हा दोघांच्या हातात. मी बॅग बाजूला ठेवली आणि खरं ते सांगून टाकलं, "वहिनी, माझा हा हात धड नाही. सुटला तर?"

त्यांनी माझ्या हाताकडे एकदा बघितलं आणि दोर धरून माझ्या पुढे उभ्या राहिल्या. "मी पुढं हाय. तुम्ही मागून धरा, बाकी काय नाय."

तात्या पाय रोवत उतरले. मध्येच एक दगड निखळला आणि दोराला असा हिसका बसला की मी गुडघ्यावर आलो. तळवे सोलले, पण तिन्ही बोटं मिटलेलीच राहिली. खालून आवाज आला, "घावलं! वढा आता!"

तात्या वर आले तेव्हा पाडस उपरण्याने त्यांच्या छातीशी बांधलेलं होतं. त्याचं काळीज धडधडताना उपरणं हलत होतं. हरभऱ्याच्या कडेला एक हरणी उभी होती. माणसं एवढी जवळ असूनही ती जागची हलली नव्हती. तात्यांनी पाडस खाली ठेवलं आणि आम्ही मागे सरलो. ते दोनदा धडपडलं, मग तिच्याकडे गेलं. गवतात दोघं दिसेनाशी झाली.

"तुमचा हरभरा हेच खातात ना?" मी विचारलं.

"खात्यात की, लय खात्यात," तात्या हात झटकत म्हणाले. "म्हणून काय इहिरीत मरू द्यायचं?" वनरक्षकाला फोनवर कळवून ते लगेच बाभळीच्या फांद्या तोडायला गेले, विहिरीभोवती कुंपण घालायला.

लीलाबाईंनी माझ्या तळव्यांना हळद लावली, बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला आणि निघताना हातात ढाळा (हिरव्या हरभऱ्याची जुडी) दिला. तात्यांनी मोटरसायकलवरून स्टँडवर सोडलं.

परतीच्या एसटीत ढाळ्याचे घाटे सोलत बसलो. हात चुरचुरत होते. शेजारच्या आजोबांना मूठभर घाटे दिले. अपघातानंतर मला सगळे जपत आले होते, जड काही उचलू देत नव्हते. त्यांच्या मायेबद्दल तक्रार नाही. पण आज एका अनोळखी बाईने एक माणूस माझ्याही हातात सोपवला होता. कॅमेऱ्याच्या या नादाने मला त्या माळावर नेऊन बसवलं, याचे उपकार कसे मानायचे तेच सुचेना.

घरी बायकोने विचारलं, "मिळाला का चांगला फोटो?"

"धड असा एकही नाही," मी म्हणालो. "पण रविवारी तू चल माझ्याबरोबर. तुला दोन माणसं दाखवायची आहेत."