दाराशी थांबलेले रविवार

रफिकचा फोन आला तेव्हा मी महाडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एका अशिलावर ओरडत होते. साक्षीदार आणतो म्हणून शपथेवर सांगितलेला हा गृहस्थ हात हलवत आला होता आणि माझा पारा चढलेला. "थांब रे, नंतर कर," म्हणून मी फोन ठेवणार होते, पण पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता... मग तो म्हणाला, "वकीलबाई, वैजू गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" मला कळलं होतं. तरी विचारलं. समोरच्याकडून स्पष्ट वदवून घ्यायची खोड लागलीय, ती अशा वेळीही सुटत नाही. त्या बिचाऱ्याने स्पष्ट सांगितलं. अशिलाला तिथेच सोडून मी एसटी स्टँडवर आले. पोलादपूरची गाडी फलाटाला लागल्याचं भोंग्यावरून कुणीतरी पुकारत होतं, तो आवाज पुरुषाचा होता, आणि मी भर स्टँडवर बाकावर बसून रडले.

वैजयंती, आमची वैजू, डेपोत वाहतूक नियंत्रक होती. तालुक्यातल्या अर्ध्या लोकांनी तिचं तोंड कधी पाहिलं नसेल, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. गणपती गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात ती गेली, घशाच्या कॅन्सरने. स्मशानातून परतताना तिचा मुंबईचा भाऊ सुधीर आमच्याजवळ आला. चांगला माणूस, भांडायला आला नव्हता. म्हणाला, "डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, स्वरयंत्र काढा, वाट बघू नका. तारीखपण दिलेली. तर ही म्हणाली, माझी एक गोष्ट चाललीय रविवारची, ती संपू दे, मग काय कापायचं ते कापा. दोन-तीन रविवारांचं काम आहे म्हणाली. मी विश्वास ठेवला. पाऊस निम्मा सरला तरी तुमची गोष्ट काही संपेना." आणि त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "एवढं काय होतं हो त्या गोष्टीत?" रफिक माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे. कारण ती गोष्ट संपवणं तिच्या हातात नव्हतंच. आमच्या दोघांच्या हातात होतं, आणि आम्ही ती संपवत नव्हतो.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल या बाईचं डोकं फिरलंय. वैजूची नि माझी ओळख भांडणातून झाली. तिने पुकारलेल्या फलाटावर मी उभी राहिले, गाडी दुसऱ्याच फलाटावरून गेली, पोलादपूरच्या कोर्टातली माझी तारीख हुकली. मी तणतणत कंट्रोल रूममध्ये शिरले. आत ही बया एका जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर डोंगर, नद्या, घाट काढत बसलेली. मी तोंडाला येईल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चूक माझी. पण शब्द काय नेमके वापरता हो तुम्ही! रविवारी काय करता?" तो नकाशा आठखोऱ्यांच्या मुलखाचा होता. असा मुलूख कुठेही नाही, तिच्या डोक्यात होता. त्यात फिरायला तिला माणसं हवी होती. टेम्पोचा धंदा करणारा रफिक, पार्सलच्या निमित्ताने डेपोत ये-जा करणारा, आधीच तिच्या गळाला लागला होता. त्या रविवारी त्याच्या गाडीतून मी पोलादपूरला तिच्या घरी गेले. मग वर्षानुवर्षं जात राहिले.

खेळ असा, की वैजू सांगणार आणि आम्ही त्या मुलखातली दोन माणसं होऊन काय करतो ते बोलणार. जमेल की नाही याची शंका आली की कवड्या टाकायच्या, किती उताण्या पडतात त्यावर ठरायचं. आठखोऱ्यांत जादूच्या दोन परंपरा होत्या. एक आर्जवींची. प्रत्येक खिंडीला एक देव, आर्जवी त्याच्यापुढे उभा राहून मोठ्याने मागणार, देवाला वाटलं तर देणार. दिलं की बदल्यात आर्जवीची एखादी आठवण काढून घेणार. दुसरी अक्षरींची. जग ज्या अक्षरांनी जोडलंय ती शिकायची, अचूक उच्चारायची, कुणाला विचारायचं कारण नाही. पण दर उच्चाराला शरीरातलं काहीतरी जाणार. बोटांची जाणीव, एखाद्या डोळ्याची नजर, काहीही. रफिक आर्जवी झाला. "मला मागायची सवय आहे, पाच वेळा मागतो," म्हणायचा. मी अर्थातच अक्षरी. दोन्ही परंपरांना एक नियम सारखाच होता आणि त्यावर वैजू फार कडक होती. मनातल्या मनात काही होत नाही, तोंड उघडून बोलायचं. सुरुवातीला मला लाज वाटायची. पन्नाशीला आलेली बाई, कोर्टात काळा कोट घालणारी, आणि इथे चटईवर बसून खिंडीतल्या वाऱ्याला हुकूम सोडतेय! वैजू म्हणायची, "वकीलबाई, पुटपुटू नका, वारा बहिरा हाय आमचा."

आणि तिचा स्वतःवर एक नियम होता. सांगणाऱ्याने ओढायचं नाही. ती फक्त विचारणार, "मग? काय करताय?" आम्ही गाढवासारखे उलट्या दिशेला गेलो तरी ती त्या दिशेचा मुलूख उभा करणार, हूं की चूं न करता. गोष्ट रेकॉर्ड करायची नाही, लिहून काढायची नाही, दुसऱ्याच्या तोंडून सांगायची नाही, हेही तिचेच नियम. आज त्यांचा मला इतका राग येतो म्हणून सांगू...

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सातव्या खोऱ्याच्या टोकाला मुक्या दारापाशी पोहोचलो. घाटमाथ्यावर नुसतं दगडी दार, कडी नाही, बिजागरी नाही. पलीकडे आठवं खोरं, तिथे गोष्ट संपणार हे तिनेच सांगितलं होतं. दार दोघांपैकी कुणाच्याही विद्येने उघडेल का, की दोघांच्या मिळून, ते आम्हीच शोधायचं. आणि आम्ही काय केलं? भांडलो. मी म्हणाले, मी उच्चार करते आणि मोकळी होते. रफिक म्हणाला, "दार ज्याचं त्याला विचारायचं नाही? याला आमच्यात चोरी म्हणतात." मी म्हणाले, "आणि तुझ्या मागण्याला आमच्यात भीक म्हणतात." मग कोणी काय गमवायचं यावर भांडलो. रफिकच्या आर्जवीकडे खिंडीचा देव त्याच्या आईचा चेहरा मागणार होता. माझ्या डाव्या डोळ्याची नजर जाणार होती. तो मला आंधळी होऊ देईना आणि मी त्याला आई विसरू देईना. आता लिहिताना हसू येतंय आणि रडूही. एका रविवारी तर आम्ही दार सोडून खाली उतरलो, खेचरं विकत घ्यायला, आणि एका लग्नात जेवून आलो. वैजूने नवरा, नवरी, रुसलेला मामा, सगळं उभं केलं. अशी रंगली होती ना त्या दिवशी!

तिचा आवाज बसलेला होता, हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. पण हायवेच्या कामाने इथल्या कुणाचा घसा धड आहे? ती म्हणायची, "धूळ खाऊन खाऊन घसा घाटासारखा झालाय." ज्येष्ठमध चघळायची. मधेच उठून आत जायची, पाणी प्यायची, परत येऊन बसायची आणि "मग? काय करताय?" डेपोत पुकारायला दुसरा माणूस आला तेव्हा म्हणाली, माझी ड्यूटी बदलली. मी लोकांना खोदून खोदून विचारण्याचे पैसे घेते. हिला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, कारण रविवारी मी वकील नसायचे. श्रावणात तिला श्वास लागायला लागला, तेव्हा सुधीर येऊन तिला उचलून घेऊन गेला.

ऑपरेशननंतर ती पोलादपूरला परतली. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. आवाज नाही. कॅन्सर तोवर छातीत उतरला होता, हे घरच्यांना माहीत होतं, आम्हाला नाही. आम्ही गेलो तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "तू लिहून दे, रफिक वाचेल." तिने मान हलवली. नाही. "बरं, मग मीच सांगते, दार उघडलं. झालं?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. नंतर तिने हाताने खूण केली, चालू द्या म्हणून. आम्ही दोघांनी दाराविषयी बोलायचा प्रयत्न केला. चोरी, भीक, आईचा चेहरा... शब्द निघेनात. तिने कॉटच्या दांड्यावर बोटं वाजवली, बोला ना. आम्ही नाही बोलू शकलो. तीच आमची शेवटची भेट.

आता सुधीरचं वाक्य घेऊन आम्ही दोघं कसे जगत होतो ते सांगते. बोलणं बंद झालं. महाडच्या बाजारात रफिक समोरून आला तर मी मेडिकलमध्ये शिरायची आणि नको असलेल्या गोळ्या घ्यायची. एकदा त्याने गाठलंच. म्हणाला, "वकीलबाई, तुम्ही पहिल्याच रविवारी उच्चार केला असता आणि मी अडवलं नसतं, तर ती लगेच ऑपरेशनला गेली असती. आज कंट्रोल रूममध्ये मुकी का होईना बसली असती." मी म्हणाले, "तिने सांगायला हवं होतं! एक शब्द! आम्ही दार लाथ मारून उघडलं असतं." तो म्हणाला, "सांगणाऱ्याने ओढायचं नाही." मी म्हणाले, "मसणात गेला तो नियम." आणि माझी मीच चपापले. ती खरंच तिथे गेली होती.

पाठ फिरवून निघून जाणं मला जमलं असतं, पण वैजूच्या आईने निरोप धाडला. काकू एकट्याच त्या घरात. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला चहा नि घावणे खायला घातले आणि कधी बाहेर येऊन बसल्या नाहीत. मागच्या रविवारी आम्ही दोघं गेलो, वेगवेगळ्या गाड्यांनी. चटई अंथरलेली होती. काकूंनी चहा आणला आणि या खेपेला आमच्यासमोर खाली बसल्या. रफिकला राहवलं नाही. त्याने सगळं ओकून टाकलं. दार, भांडणं, खेचरं, लग्न. "काकू, आमच्यामुळे उशीर झाला. आम्हाला माहीत नव्हतं."

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला ठावं होता की रे."

"काय?"

"सगला. सुधीरनं मला सांगितलेला. मी तिला रोज म्हनायची, त्यांना सांग गो, घाई करा म्हनून. नायतर मी जाऊन सांगते. तर माजा हात धरायची." काकूंनी स्वतःचंच मनगट धरून दाखवलं. "तुमी भांडत असायचाव तवा ती आत यायची. मोरीत थुकायची, रगात पडायचा. तोंड धुवायची नि माज्या कानाशी येऊन म्हनायची, 'आये, आजपन दाराशीच हायत. बरा झाला.'"

रफिकने चेहरा ओंजळीत घेतला.

मी काकूंना पुन्हा विचारलं, ती नक्की काय म्हणायची. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तेच शब्द. बरा झाला. म्हणजे ती आमची वाट बघत नव्हती. दार उघडू नये म्हणून ती लग्नं लावत होती, खेचरं विकत होती, बसलेल्या घशाने रुसलेल्या मामाचा आवाज काढत होती. दार उघडलं की गोष्ट संपणार, गोष्ट संपली की तिला ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपावं लागणार, आणि उठेल ती वैजू नसणार. आमच्या भांडणाच्या आड ती लपली होती. आपण तिला मारलं नाही, हे मला त्या क्षणी कळलं, आणि कसला सुटकेचा श्वास घेता... मला भयंकर राग आला. भित्री मेली! सांगितलं असतंस तर आम्ही तुला खेचून नेलं असतं, म्हणूनच सांगितलं नाहीस ना? मी हे मोठ्याने बोलले, काकूंसमोर, भिंतीकडे बघून. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या.

चहा निवून गेला. काकू कपबशा गोळा करून उठल्या. दारात वळल्या आणि म्हणाल्या, "गप नको बसू गो. रविवारचा घर गप असला का मला आत सुधरत नाय. भांडा."

रफिकने नाक पुसलं. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, "अक्षर म्हणजे चोरीच, वकीलबाई."

"मोठ्याने बोल," मी म्हणाले.

तो मोठ्याने बोलला. मग मीही आवाज चढवला.