मशीनचा फासा

चिंचवडच्या आमच्या कारखान्यात नवख्यांना कॉम्प्युटर शिकवणारा एक ऑपरेटर होता; तो टाइप केलेली प्रत्येक ओळ पुटपुटत पुन्हा वाचायचा. त्याचा पहिला धडा ठरलेला: एक ते सहातला कुठलाही आकडा देणारा, त्याने स्वतः लिहिलेला फाशाचा प्रोग्राम. कंपनीच्या कॉलनीतल्या एका क्वार्टरसाठी त्याच्यासकट आम्ही सहा जण उरलो, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना नंबर देऊन तोच फासा टाकायला लावला. चार आला. चार नंबर त्याचाच होता. टाळ्या चालू असतानाच त्याने मशीन बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा चार.

“राव, सुरू केलं की पहिला चारच येतोय. माझी चूक. चिठ्ठ्या टाका.”

“येडा हाय का तू?” कोणीतरी ओरडलं.

चिठ्ठी माझी निघाली. त्याला घर नकोच होतं, असं लोक म्हणत राहिले आणि त्याच घरात बसून मी ते ऐकत राहिलो. खोटं आहे ते. चिठ्ठी उघडेपर्यंत तो माझ्या शेजारी डोळे मिटून, हात जोडून उभा होता.