जीपचे उजवे दार

जुन्नरच्या एसटी स्टँडसमोरची ती सकाळ निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सायकलवरून कॉलेजला निघालेली मुलगी बसपुढे पडली, पाय चाकाखाली गेला, शुद्ध हरपली. जमावाने बसच्या काचा फोडल्या. निवृत्तीला टेकलेल्या ड्रायव्हरला आम्ही पोलिसांनी कसेबसे ठाण्यात आणले. पोरगी अचानक आडवी आली, एवढेच तो हात जोडून सांगत होता. गुन्हा दाखल झाला. त्याची नोकरी गेल्यातच जमा होती.

दुपारी स्टँडसमोर बांगड्या विकणाऱ्या चाची ठाण्यात आल्या. हळूच म्हणाल्या, "साहेब, बसची चूक नाय. वडापच्या जीपचं दार उघडलं व्हतं. पण माझं नाव घेऊ नका, आमाला तिथंच बसायचंय."

माणसे कोंबून नेणाऱ्या या वडाप जीपा तेव्हा स्टँडच्या तोंडाशीच लागत. त्यांनी रस्त्याची कड अडवली, की पायी चालणारे आणि सायकलवाले थेट बसच्या वाटेत.

जीपवाल्याला बोलावले. गडी बेरकी. दार माझे, उघडणार मीच, आणि मी तर जीपमागे माणसे चढवत होतो, म्हणाला. ते खरे निघाले. चार जणांनी त्याला मागेच पाहिले होते. दम भरला, तरी ढिम्म. शेवटी चहा मागवला आणि सहज विचारले, जीप भरली होती का?

"फुल्ल व्हती, साहेब. माझ्या उजवीकडंबी एक पावणं व्हतं."

मला हवे ते मिळाले. वडापची रीतच तशी. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक जण बसवायचा. ड्रायव्हर जागेवर यायचा झाला, की आधी त्या पावण्याने दार उघडून रस्त्यावर उतरायचे.

"मग तुला आत घ्यायला दार कोणी उघडलं?"

त्याने कप खाली ठेवला. "पावण्यानं. मागं बघितलंच न्हाई त्यानं. पोरगी दारावर आदळली. मी लई भ्यालो, गाडी काढली."

शुद्धीवर आल्यावर मुलीनेही दाराचेच सांगितले. बसचालक सुटला तेव्हा ठाण्याच्या पायरीवर रडला, आणि खोटे कशाला बोलू, माझा ऊर अभिमानाने भरून आला. पण तेवढ्यावर थांबणारा मी नव्हे. जीपा मागच्या मैदानात हलवल्या, कडेला चुन्याच्या फक्कीची जाड रेघ मारली. रेघेच्या आत पायी आणि सायकल, बाहेर बस. धंदा बसला म्हणून जीपवाले महिनाभर कुरकुरले. मी बधलो नाही.

आरोपी माणसांत शोधायची आम्हाला सवय. त्या दिवसापासून मी आधी रस्ता बघायला शिकलो.

पुढे पाय बरा होऊन ती मुलगी पुन्हा सायकलवर आली, तेव्हा स्टँडमधून निघालेली बस फाटकातच थांबली. स्टिअरिंगवर तोच ड्रायव्हर होता. त्याने हाताने खूण केली, "जा बाळा, आधी तू."