मावसाजी आणि ताश्कंदचं कुत्रं

माझ्या मावसाजींइतका डोळ्यांवर विश्वास ठेवणारा आणि कानांवर मुळीच न ठेवणारा माणूस अख्ख्या भिलाईत दुसरा नसेल. कारखान्याची पहिली भट्टी तेव्हा उभी राहत होती, लाल धूळ थेट ताटापर्यंत येत होती, आणि मावसाजी दवाखान्याच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले असत. मी ड्रॉइंग ऑफिसात नवाच लागलो होतो, राहायला त्यांच्याकडेच. मावशीची कढी नासली की नाही, हे ते चाखून सांगत नसत. बाटलीत थेंबभर घेऊन लॅबमध्ये जात आणि संध्याकाळी "खायले हरकत नाही" असा निकाल आणत. तोवर आम्ही ती संपवलेली असे. आपल्या मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्याची तर त्यांनी नोकरी विचारण्याआधी खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे. आधी पालक खा, मंग पोरगी पाहा."

अशा माणसाची एका रशियन इंजिनिअरशी दोस्ती जमली. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती, म्हणून भांडणही नव्हतं. इंजिनिअरनं ताश्कंदहून आपलं कुत्रं आणलं होतं. त्याची लहान मुलगी कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. ते कुत्रं वाळायला लागलं. डोळ्यांभोवतीचे केस गेले, नखं वाढून वाकली, अंगाचा कोंडा पडू लागला. शेजाऱ्यांनी ठरवलं, पिसाळलं. बंदूकवाला शिपाई आला, तेव्हा मावसाजी इंजिनिअरच्या फाटकात स्टूल टाकून बसले होते. "कोनी तपासून पाह्यलं का? नाही ना? मले तीन दिवस द्या."

मी कुत्र्याचे पाय धरले. मावसाजींनी मानेखालच्या सुजलेल्या गाठीत सुई घातली, थेंब काचेवर पसरला, रंगवला. दोन दिवस काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. "पाह्य." एका मोठ्या पेशीत इवले इवले लांबट गोल होते, प्रत्येकात एक ठिपका आणि शेजारी बारीकशी काडी. "काळा आजार. बंगालमधी असताना मानसांत लय पाह्यला." एरवी काही सापडलं की ओरडणारे मावसाजी, त्या दिवशी बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

कारखान्याच्या दुभाष्यानं हे सांगितलं, तेव्हा इंजिनिअरनं एवढंच विचारलं, चूक तर नाही? मावसाजींनी उठून त्याला मायक्रोस्कोपसमोरच्या आपल्या स्टुलावर बसवलं. तो खूप वेळ काचेत पाहत राहिला. मग कुत्र्याला रोज इंजेक्शनं सुरू झाली. हा आजार माणसालाही होतो, म्हणून मुलीची पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली तर नाही ना, हे मावसाजी दर आठवड्याला बोटांनी चाचपून पाहत. ती सुखरूप होती. कुत्रं थोडं सावरलं, पुन्हा ढासळलं, मग उभंच राहीना. शेवटी दुर्गच्या गुरांच्या डॉक्टरनं सुई देऊन त्याला झोपवलं. डोकं मुलीच्या मांडीवर होतं.

परतताना मी म्हणालो, "मावसाजी, गोळीनं गेलं असतं ते सुईनं गेलं. काय उपयोग झाला?"

ते चालायचे थांबले. "पिसाळलं म्हनून मारलं असतं, तर त्या पोरीनं जन्मभर आपल्याच कुत्र्याचा भेव घेतला असता. आता रडली. पन भेली नाही."

पुढे ते कुटुंब आपल्या देशी गेलं. मुलीचं नाव मावसाजींच्या जिभेवर कधी बसलं नाही. "ते पोरगी कशी असन आता?" एवढंच ते कधीमधी जेवता जेवता विचारायचे, आणि मी त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढायचो.